शिळेवरचं झाड

मराठीत 'बोन्साय' हा शब्द झाडांपेक्षा माणसांसाठीच जास्त वापरला जातो. हुशार मुलीचं शिक्षण मधेच थांबवून तिला घरात बसवलं, की तिचा बोन्साय केला म्हणतात. एखाद्या संस्थेला कोणी वाढू दिलं नाही, की तिचाही बोन्साय होतो. कवितेत, भाषणात, अग्रलेखात हा शब्द आला की त्याचा अर्थ ठरलेला असतो: मुळं छाटली, फांद्या तारेनं जखडल्या आणि वर कौतुकानं दिवाणखान्यात मांडून ठेवलं. झाडांवर मनापासून माया करणारी कितीतरी माणसं बोन्सायच्या प्रदर्शनातून अस्वस्थ होऊन बाहेर पडतात. त्यांची अस्वस्थता खरी आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं.

याच कलेत एक प्रकार मात्र असा आहे, की त्याच्यापुढे उभं राहिल्यावर तो आरोप नेमका कुठे ठेवावा ते कळेनासं होतं. त्यात कुंडीच नसते. दोन-तीन बोटं जाडीची एक सपाट, ओबडधोबड शिळा असते. तिच्यावर मातीचा उंचवटा, उंचवट्यावर शेवाळ, आणि त्यातून उठलेली पाच, सात, नऊ झाडं. किंवा वाऱ्यानं एका अंगाला कललेलं एकच. काठ नाही, भिंत नाही, मुळांना अडवणारं काही नाही, आणि तरी झाड तिथेच उभं आहे. कोंडलेलं नाही तर मग त्याला धरून कोणी ठेवलंय? झाडाला आणि दगडाला जीव आहे का, असेल तर माणूस त्यांचं काय देणं लागतो, हा आशियातल्या धर्मविचारातला फार जुना प्रश्न. या शिळेवर तो हाताच्या अंतरावर येऊन बसतो.

शिळेपासूनच सुरुवात करू. जपानमध्ये या कामासाठी नावाजलेला दगड क्योतोच्या उत्तरेकडच्या कुरामा डोंगराचा. ग्रॅनाइटच्या जातीचा, आणि त्यातल्या लोहामुळे गंजासारखा तांबूस-तपकिरी. चहाघरांच्या बागांमध्ये पाय ठेवायला जे दगड बसवतात, त्यातही त्याला मान आहे. चीनमध्ये याच जातीच्या मांडणीसाठी पांढऱ्या संगमरवराचं इतकं उथळ तबक घेतात, की त्याला काठ आहे म्हणायचं ते केवळ नावाला. यांगचौचे चाओ छिंगछुआन यांनी अशा संगमरवरावर झाडं, दगड आणि पाणी एकत्र मांडण्याची रीत जगभर पोचवली. आपल्याकडे शहाबादी फरशीचा तुकडा सहज मिळतो. पण ती चुनखडी, त्यामुळे आम्लधर्मी माती मागणाऱ्या झाडांना ती मानवत नाही. बेसॉल्टची चीप त्यापेक्षा बरी.

शिळेला आधी बारीक भोकं पाडतात आणि त्यातून तारा ओवतात. भोक आरपार पाडायचं नसेल तर छोटी खळी करून तारेचं टोक तिच्यात घालायचं आणि शिशाचा तुकडा ठोकून पक्कं करायचं, ही जुनी पद्धत. आता इपॉक्सीनंही चिकटवतात. मग येते 'केतो'. पाणथळ जागी बोरू-लव्हाळ्यासारखी झाडं वर्षानुवर्षं कुजून तयार झालेली ही काळी, चिकट माती. तिच्यात बारीक चिरलेलं शेवाळ घालून ती कणकेसारखी मळतात, बोटभर जाडीची वळकटी करतात आणि करंजीची कड दाबावी तशी शिळेवर दाबत नेतात. रेघ मुद्दाम वाकडीतिकडी ठेवायची, कारण रानाची हद्द कधी सरळ नसते. या कडेच्या आत अकादामा, म्हणजे जपानच्या कांतो प्रदेशातल्या ज्वालामुखीच्या मातीचे रवाळ दाणे. झाडं शिळेवर ठेवून तारांनी मुळांशी बांधतात. त्यानंतर बांबूची काडी घेऊन मुळांच्या मधे माती सारण्याचं काम चालतं. ते कंटाळवाणं असतं आणि त्यात घाई केलेली चालत नाही. एक पोकळी राहिली तर तिथलं मूळ सुकतं, आणि ते सुकलेलं कळतं महिन्याभरानं. शेवटी शेवाळाचे तुकडे ओल्या हातानं थापायचे आणि बारीक भोकांच्या झारीनं पाणी.

पाण्याची गोष्ट जरा समजून घेण्यासारखी आहे. भिजलेला स्पंज आडवा धरला तर थोडं पाणी गळतं आणि थांबतं. तोच उभा केला की पुन्हा पाणी गळू लागतं. मातीच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो आणि त्याची उंची मातीच्या कणांवर ठरते, भांड्याच्या खोलीवर नाही. म्हणून भांडं जितकं उथळ तितका ओल धरून बसलेल्या मातीचा वाटा मोठा. सपाट शिळेवर माती सपाट पसरली तर मुळं कुजतील. म्हणून मधे उंचवटा हवा. पाणी कडेनं उतरून जातं, मधल्या भागाला श्वास मिळतो. त्याच वेळी चारही बाजू उघड्या असल्यानं वारा आणि ऊन माती झपाट्यानं सुकवतात. दगड तापतो. उन्हाळ्यात अशा रोपणाला दिवसातून दोनदा पाणी लागतं, कधी तीनदा. काठ असलेली कुंडी एखाद्या दिवसाचा विसर पोटात घालते. शिळा घालत नाही.

आणखी एक गोष्ट घडते, आणि ती फार सुंदर आहे. पहिली एक-दोन वर्षं मातीला केतोची कड धरून ठेवते आणि झाडाला तार. पुढे पावसात केतो थोडी थोडी धुपते, तारेचं काम उरत नाही. तोवर शेजारशेजारच्या झाडांची मुळं एकमेकांत विणली जाऊन त्यांची चटई झालेली असते. आता माती झाडाला धरत नाही; झाडं मातीला धरतात. मराठी माणसाला हे पाहायला जपानला जायची गरज नाही. साताऱ्याजवळचं कासचं पठार म्हणजे जांभ्या दगडाचा प्रचंड सडा. त्याच्यावर वीतभरही माती नाही. कितीतरी जागी बोटभरच. जूनमध्ये पाऊस पडला की त्या पातळ थरात गेंद, तेरडा, सीतेची आसवं उगवतात, सप्टेंबरात सारा सडा फुलतो आणि दिवाळीनंतर पुन्हा उघडा दगड. तिथे मातीला धरून ठेवणारी कड मुळांचीच.

म्हणजे शिळेवरचं झाड ही निसर्गात नसलेली कल्पना नव्हे. पण कासचा तेरडा तिथे आपणहून आला; शिळेवरच्या झाडाला कोणीतरी आणून बसवलं. सगळा प्रश्न या आणून बसवण्यात आहे.

भारतात या प्रश्नाकडे फार गंभीरपणे पाहिलं गेलं. जैन विचारानं तर त्याचा शेवट गाठला. वनस्पतिकाय जीव आहेत, तसे पृथ्वीकाय जीवही आहेत. डोंगरातला न फोडलेला दगडसुद्धा एकेंद्रिय जीवाचा देह. महाराष्ट्रातल्या जैन घरांत कांदा-बटाटा आणि इतर कंदमुळं वर्ज्य असतात, त्यामागे हाच हिशोब आहे: एका कंदात अनंत जीव. मनुस्मृतीतही झाडांना आतल्या आत जाणीव असते, सुखदुःख कळतं, असं म्हटलंय. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भारद्वाजाला समजावतो की झाडांना उष्णता, आवाज, वास सगळं जाणवतं, आणि त्यासाठी कोमेजणारी पानं, वेलीचं वळण असे पुरावे देतो.

बौद्ध विनयपिटकातली गोष्ट या सगळ्यांत मनात घर करून राहते. आळवी इथले भिक्खू विहाराच्या बांधकामासाठी झाडं तोडत होते. एका झाडावर राहणारी देवता भिक्खूला म्हणाली, तुझं घर बांधायला माझं घर तोडू नकोस. त्यानं ऐकलं नाही आणि घाव देवतेच्या बाळाच्या हातावर बसला. तिच्या मनात आलं, याला इथेच ठार करावं. मग तिनं स्वतःला आवरलं आणि ती बुद्धांकडे गेली. लोकही कुरकुरत होते, की श्रमण म्हणवणारे हे एकेंद्रिय जीवाला कसे इजा करतात. त्यावरून नियम झाला: भिक्खूनं वनस्पती तोडू नये. लांबर्ट श्मिटहाउझेन या जर्मन अभ्यासकानं 1991 साली, आरंभीच्या बौद्ध धर्मात वनस्पतींना सजीव मानलं जात होतं का या एकाच प्रश्नावर पुस्तक लिहिलं. विनयातला हा नियम त्या चर्चेतला एक महत्त्वाचा दुवा आहे. झाड स्वतः जाणतं की झाडावर राहणारी देवता जाणते, हे नियम सांगत नाही. तो फक्त हात थांबवतो.

भारतीय उत्तराचा मोठा प्रवाह हाच: जीव असू शकतो, तर हात लावू नका. याला अपवाद आहेत. वराहमिहिरानं बृहत्संहितेत मूर्तीसाठी झाड तोडण्याचा विधी दिला आहे. त्यात आदल्या रात्री झाडाची पूजा करून, इथे जे कोणी राहत असतील त्यांनी दुसरीकडे मुक्काम हलवावा, अशी विनंती करायची असते. तोडणारा माणूस इथे परवानगी मागतो. तरीही ही परवानगी एका रात्रीपुरती आहे. तोडून झालं की झाडाशी नातं संपतं.

चीनमध्ये प्रश्नानं वेगळंच वळण घेतलं. सुचौच्या हूछिउ टेकडीवर, म्हणजे वाघाच्या टेकडीवर, दाओशंग नावाच्या भिक्षूची आख्यायिका सांगतात. पाचव्या शतकात त्यांनी एक धाडसी मत मांडलं: ज्यांचं कुशल मूळ पार तुटलंय असं ग्रंथ म्हणतात, त्या माणसांमध्येही बुद्धत्वाचं बीज आहे. त्या वेळी दक्षिण चीनमध्ये महापरिनिर्वाण सूत्राचा अर्धाच अनुवाद पोचला होता आणि त्यात याला आधार नव्हता. दाओशंगना संघातून घालवून दिलं गेलं. माणसं ऐकेनात, म्हणून ते या टेकडीवर येऊन दगडांना प्रवचन देऊ लागले, आणि दगडांनी माना डोलावल्या. पुढे धर्मक्षेम या भारतीय भिक्षूनं केलेला मोठा अनुवाद दक्षिणेत आला, आणि दाओशंगचंच म्हणणं त्यात निघालं. टेकडीवर तो 'मान डोलावणारा दगड' आजही दाखवतात. त्याच टेकडीच्या पायथ्याशी आज सुचौच्या लघुवृक्षांची प्रसिद्ध बाग आहे. पिढ्यानपिढ्या सांभाळलेली झाडं आणि दगड तिथे तबकांमध्ये मांडलेले आहेत. दाओशंग खरं तर माणसांविषयी बोलत होते. दगडांना साक्षीला बोलावलं ते लोकांच्या कल्पनेनं.

पण पंडितही दगडांपर्यंत पोचले. आठव्या शतकात थिएनथाई पंथाच्या चानरान (711–782) यांनी हे मत शास्त्रार्थानं मांडलं. त्यांच्या ग्रंथाच्या नावाचा अर्थ 'वज्राची शलाका'. वैद्य जिनं डोळ्यावरचा पडदा दूर करतो ती. गवत, झाड, दगड, भिंत, कौल यांतही बुद्धस्वभाव आहे, आणि 'सजीवाचा बुद्धस्वभाव' वेगळा काढणं म्हणजे एका आकाशाचे दोन तुकडे करणं, असा त्यांच्या विचाराचा रोख. याच थांग राजवटीच्या काळात, 706 साली, शान्शी प्रांतात राजपुत्र ली श्यान याच्या थडग्याच्या भिंतीवर एक चित्र रंगवलं गेलं. त्यात सेवकाच्या हातात एक तबक आहे, आणि तबकात छोटे दगड आणि छोटी झाडं. लघुवृक्षांच्या इतिहासात हे चित्र फार महत्त्वाचं मानतात. चित्रकाराला तत्त्वज्ञानाशी देणंघेणं असेलच असं नाही. पण झाड आणि दगड यांना एकाच तबकात, एकाच मानानं बसवण्याची सवय त्या जगात होती.

जपाननं हे सगळं घेतलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. झाडात बुद्धत्वाचं बीज आहे, एवढ्यावर तेंदाई पंथाचे आचार्य थांबले नाहीत. झाड स्वतः साधना करतं, असं ते म्हणू लागले. र्‍योगेन (912–985) यांच्या नावावर असलेल्या एका छोट्या ग्रंथात झाडाच्या चार अवस्था सांगितल्या आहेत: उगवणं, उभं राहणं, बदलणं, लय पावणं. आणि त्याच साधकाच्या चार पायऱ्या: संकल्प, साधना, बोधी, निर्वाण. झाड चालत नाही, बोलत नाही, म्हणून ते साधना करत नाही असं आपण समजतो. इथे नेमकं उलट आहे. न हलता उभं राहणं, हीच त्याची बैठक.

हा विचार मठांत अडकून राहिला नाही. कोम्पारू झेंचिकू यांच्या 'बाशो' या नो नाटकात केळीच्या झाडाचा आत्मा स्त्रीच्या रूपात एका भिक्षूकडे रात्री सूत्र ऐकायला येतो. आणि नो परंपरेतलंच 'हाची नो की', म्हणजे 'कुंडीतली झाडं', हे नाटक तर बोन्सायच्या प्रश्नाला थेट हात घालतं. सानो गेनझाएमोन हा एके काळचा सरदार आता दरिद्री झाला आहे. बर्फाच्या रात्री एक प्रवासी भिक्षू दारात येतो. खायला देण्यासारखं राळ्यासारखं भरड धान्य फक्त, आणि चुलीत घालायला लाकूड नाही. सानोकडे चांगल्या दिवसांतली तीन झाडं उरली आहेत, आलुबुखार, चेरी आणि पाइन. तो एकेक झाड उचलतो, त्याच्याकडे पाहतो आणि तोडून आगीत घालतो. भिक्षू निघतो निवृत्त राज्यप्रमुख होजो तोकियोरी, आणि पुढे सानोला त्या तीन झाडांची नावं ज्यांच्या नावात आहेत अशी तीन गावं इनाम मिळतात. पण नाटकाचं काळीज इनामात नाही, झाड तोडतानाच्या त्या थबकण्यात आहे. ज्याला झाड नुसती वस्तू वाटतं तो थबकत नाही. ज्याला झाडाला हात लावणं पापच वाटतं तो ते तोडत नाही. सानो दोन्ही करतो.

या थबकण्याला यामागाता प्रांतातल्या डोंगराळ भागात दगडाचं रूप मिळालं. योनेझावाच्या आसपास ओकितामा खोऱ्यात रस्त्याकडेला, देवळांच्या आवारात, शेताच्या बांधावर उभ्या शिळा दिसतात. त्यांच्यावर माणसाचं नाव नाही, देवाचं नाव नाही. कोरलेलं असतं 'सोमोकुतो', म्हणजे झाडाझुडपांसाठी उभारलेली शिळा. सर्वांत जुनी 1780 सालची. 1772 च्या एदोमधल्या, म्हणजे आजच्या टोकियोमधल्या, मोठ्या आगीत योनेझावा संस्थानाचे तिथले वाडे जळाले आणि ते पुन्हा बांधायला इथल्या डोंगरांतलं लाकूड गेलं, असं तिथे सांगतात. लाकूडतोड्यांनी आणि गावकऱ्यांनी तोडलेल्या झाडांसाठी या शिळा उभारल्या. माणूस गेल्यावर त्याच्यासाठी जशी 'कुयो', म्हणजे स्मरणपूजा, करतात, तशीच झाडांसाठी. यामागातात अशा शंभरांहून जास्त शिळा आहेत, आणि काहींवर गवत, झाडं, माती सगळ्यांना बुद्धत्व लाभो अशा अर्थाचे शब्द आहेत. कुऱ्हाड चालवणाऱ्या हातांनीच हा दगड कोरून घेतला. त्यांनी झाडं तोडणं थांबवलं नाही. ते थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. पण तोडलेलं झाड हिशोबातून पुसलं जाऊ दिलं नाही.

इथे दोन वाटा स्वच्छ दिसतात. एक म्हणते, हात लावू नका. दुसरी म्हणते, हात लावावाच लागेल, तर त्याचं ऋण डोक्यावर घ्या. बोन्साय दुसऱ्या वाटेवरचं आहे, आणि त्यातही शिळेवरचं रोपण तिच्या टोकाला आहे, कारण तिथे ऋण रोज दोन वेळा फेडावं लागतं.

दुसऱ्या वाटेला धोका नाही असं मात्र कोणी समजू नये. सगळं आधीच बुद्ध आहे, असं म्हटलं की कशालाच नाही म्हणायला जागा उरत नाही. 1980 च्या दशकात टोकियोच्या कोमाझावा विद्यापीठातल्या हाकामाया नोरिआकी आणि मात्सुमोतो शिरो या बौद्ध अभ्यासकांनी याच मुद्द्यावर 'मूलबोधी'च्या विचारावर कठोर टीका केली. जे आहे ते पवित्र ठरवणारा विचार समाजातल्या विषमतेलाही पवित्र करतो, असं त्यांचं म्हणणं. झाडांच्या बाबतीतही हेच लागू पडतं. जपानी बोन्सायच्या इतिहासात एक काळी बाजू आहे आणि ती लपवणं योग्य नाही. इतोइगावाच्या चुनखडीच्या कड्यांवर शतकानुशतकं वाऱ्याशी झुंजत उभे असलेले शिंपाकू जुनिपर विसाव्या शतकात दोर लावून इतके काढून आणले गेले, की त्या कड्यांवर जुनी मोठी झाडं जवळजवळ उरली नाहीत. ती झाडंही शिळेवरच उभी होती. त्यांना धरून ठेवायला कोणाची तार नव्हती, पाणी घालायला कोणी नव्हतं, आणि ती जगली होती. झाडातल्या बुद्धाला नमस्कार करून त्याला कड्यावरून खणून काढणं, ही ऋण मान्य करण्याची रीत नव्हे. आज बहुतेक झाडं बी, कलम किंवा छाटापासून वाढवली जातात, ही समाधानाची गोष्ट आहे. पण गेलेली झाडं त्यानं परत येत नाहीत.

शिळेवरच्या झाडाशेजारी अनेकदा आणखी एक जीव ठेवलेला असतो आणि पाहणाऱ्याची नजर त्याच्यावरून सहज घसरते. तळहाताएवढा चपटा दगड, त्याच्यावर गवताची एक बट, एखादं व्हायोलेट, शेवाळ. त्याला 'शिताकुसा' म्हणतात, म्हणजे खालचं गवत. स्वतंत्र मांडलं तर 'कुसामोनो'. तोकोनोमा या भिंतीतल्या कोनाड्यात मुख्य झाड, मागे लटकवलेलं चित्र किंवा अक्षरलेखन आणि बाजूला हे गवत अशी मांडणी असते. गवताचं काम ऋतू आणि जागा सांगण्याचं. उंच डोंगरावरच्या पाइनशेजारी डोंगरावरचंच रोप. पाणवठ्याच्या झाडाशेजारी पाणथळ जागेतलं. हाकोनेगुसा या गवताची पानं वाऱ्यात वळलेली दिसतात, म्हणून ते फार आवडीनं लावतात.

या गवताला तार नसते. त्याची फांदी वळवलेली नसते. कुंडीत किंवा दगडावर ते वर्षानुवर्षं तसंच ठेवतात. दुसरं एखादं रोप वाऱ्यानं येऊन त्यात रुजलं तर पुष्कळदा त्यालाही राहू देतात. शरद संपताना पानं पिवळी पडतात, काड्या वाळतात, आणि त्या वाळलेल्या काड्यांसकट ते मांडलं जातं. र्‍योगेनच्या ग्रंथातल्या चार अवस्था या गवतात एका वर्षात पुऱ्या होतात. शेजारच्या पाइनला त्याच चार अवस्थांसाठी चारशे वर्षं लागतील, आणि तो अजून दुसरीतच आहे. दोघं एका फळीवर बसलेले असतात, एक आकार दिलेला आणि एक न दिलेला. बोन्सायवर क्रौर्याचा आरोप करणाऱ्यानं या जोडीकडे थोडा वेळ पाहावं. आकार देणारा माणूस न दिलेल्या आकारालाही शेजारी जागा देतो, आणि मोठ्या झाडाचं मोठेपण ठरवण्याचा मान त्या चिमूटभर गवताकडे ठेवतो. ते गवत नसेल तर पाइन किती उंच आहे हे डोळ्याला कळतच नाही.

सांभाळण्याचा काळ माणसाच्या आयुष्याहून मोठा असला की काय होतं, याचं एक उदाहरण वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात आहे. ते झाड शिळेवर नाही, कुंडीत आहे. हिरोशिमाच्या यामाकी घराण्यातला हा पांढरा पाइन 1625 पासून सांभाळलेला. 6 ऑगस्ट 1945 रोजी बाँब पडला ती जागा त्यांच्या घरापासून सुमारे तीन किलोमीटरवर. घराच्या काचा फुटल्या. झाड बागेच्या भिंतीआड होतं, ते वाचलं. 1976 मध्ये मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिलं, आणि ते कुठल्या शहरातून, कशातून आलंय याचा गाजावाजा केला नाही. 2001 साली त्यांचे नातू झाड पाहायला गेले, तेव्हा कुठे उद्यानातल्या लोकांना ही हकिकत कळली. त्या ऑगस्टच्या आठवड्यात हिरोशिमात पाणी म्हणजे काय होतं, ते जगाला माहीत आहे. त्या आठवड्यातही कोणीतरी या झाडाला पाणी घातलं असलं पाहिजे, नाहीतर आज ते नसतं.

शिळेवरच्या रोपणाची माती काही वर्षांनी बदलावी लागते. वसंत लागता लागता, कळ्या फुगू लागल्या की. जुन्या तारा असतील तर कापतात, पातळ पातं शिळा आणि मुळांच्या मधे सरकवतात आणि सगळं रान एका तुकड्यात उचलून उलटं करतात. मुळांच्या चटईच्या पोटावर शिळा जशीच्या तशी उमटलेली असते: प्रत्येक खळगा, प्रत्येक कंगोरा, छिन्नीची एखादी जुनी खूण. दगडावर केसासारखी बारीक मुळं चिकटून राहिलेली असतात. माळी ती ओल्या ब्रशनं हळू घासून काढतो, मुळांची कड थोडी छाटतो, शिळेवर ताजी माती पसरतो. मग रान पुन्हा सुलटं करून त्याच शिळेवर, आधी होतं त्याच तोंडानं बसवतो, आणि झारी भरायला जातो.